आधी काढा, मग लावा : चेहरा, हातपाय आणि केसांसाठी बायकांना उपयोगी पडेल अशी माहिती

आरशासमोरची फळी, कपाटाचा वरचा खण, पर्स आणि फ्रिजचा दरवाजा इथल्या सगळ्या ट्यूबा, डब्या, बाटल्या बाहेर काढा आणि एका वर्तमानपत्रावर मांडा. नवीन काही विकत आणण्याआधी करायचं हे काम आहे, अर्ध्या तासात होतं. आपल्याकडे चेहऱ्याचे जे त्रास वर्षानुवर्षं पिच्छा सोडत नाहीत, त्यातले कितीतरी काहीबाही लावल्यामुळेच सुरू झालेले असतात. म्हणून या लेखात काय लावायचं ते नंतर, काय थांबवायचं ते आधी.

मांडलेल्या ट्यूबा वाचायच्या कशा

ट्यूबवरचं मोठं नाव सोडा, त्याखालची बारीक अक्षरं वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासॉल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी काही दिसलं, तर ते स्टेरॉइड आहे. चष्मा लावूनही अक्षरं लागत नसतील तर मोबाइलने फोटो काढून मोठा करून पाहा. कोपऱ्यात आरएक्स असं चिन्ह असेल तर ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवर द्यायचं औषध, सौंदर्यप्रसाधन नव्हे.

स्टेरॉइड हे वाईट औषध नाही. एक्झिमावर, सोरायसिसवर, ठरलेल्या ताकदीचं, ठरलेल्या दिवसांसाठी दिलं तर त्यासारखं काम दुसरं कोणी करत नाही. घोटाळा होतो तो ‘गोरं व्हायची क्रीम द्या’ म्हणून मेडिकलवाल्याकडे मागितल्यावर. त्यात बऱ्याचदा हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन हे त्रिकूट असतं. हे मिश्रण वांगांसाठी, थोड्या आठवड्यांपुरतं, डॉक्टरांच्या नजरेखाली वापरायचं असतं. मैत्रिणीला गुण आला, नणंदेने एक ट्यूब दिली, आणि बाई ते दोन-दोन वर्षं नाइट क्रीम म्हणून लावत राहते.

पहिले दोन-तीन आठवडे चेहरा खरंच उजळ दिसतो, कारण स्टेरॉइड त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसतं आणि दाह दाबतं. पुढे त्वचा पातळ होते. गालांवर लाल केशवाहिन्यांची जाळी दिसायला लागते, बारीक एकसारख्या पुटकुळ्या येतात, हनुवटीवर आणि गालांवर लव वाढते, उन्हात दोन मिनिटं उभं राहिलं की चेहरा भाजल्यासारखा होतो. क्रीम बंद करावं तर चेहरा आणखी लाल होतो, खाजतो. मग ‘मला हेच क्रीम मानवतं’ असा समज होतो आणि चक्र चालू राहतं. भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे आयएडीव्हीएलने, या प्रकाराविरुद्ध मोहीम चालवली आणि 2018 मध्ये सरकारने त्वचेवर लावायची अनेक स्टेरॉइड्स विनाचिठ्ठी विकायची सवलत काढून घेतली. तरीही ती मागितल्यावर मिळतात, हे कोणालाही माहीत आहे.

असं क्रीम तुम्ही काही महिन्यांपासून चेहऱ्याला लावत असाल तर आजच झटक्यात बंद करू नका. ट्यूब घेऊन त्वचेच्या डॉक्टरांकडे जा. ते हळूहळू कमी करून देतात किंवा बंद करताना होणारी लाली दाबायला दुसरं औषध देतात. चार-सहा महिने धीर धरावा लागेल.

दुसरा ढीग बिननावाच्या डब्यांचा. पार्लरमधून ‘स्पेशल’ म्हणून मिळालेली, घटकांची यादी नसलेली, परदेशातून आलेली पण आयातदाराचा पत्ता नसलेली पांढरी डबी वापरणं सरळ थांबवा, डॉक्टरांना दाखवायला तेवढी बाजूला ठेवा. काही गोरेपणाच्या क्रीममध्ये पारा असतो. भारतातल्या नियमांनुसार चेहऱ्याच्या क्रीममध्ये नकळत आलेला पारासुद्धा दहा लाखांत एक भाग याहून जास्त चालत नाही. 2023 मध्ये अकोल्याच्या एकाच कुटुंबातल्या तिघी किडनीच्या आजाराने मुंबईच्या केईएम रुग्णालयात पोचल्या, तेव्हा मूळ अशाच एका क्रीममधल्या पाऱ्यात सापडलं. त्याच वर्षी केरळात मलप्पुरम जिल्ह्यातूनही असेच रुग्ण समोर आले. पारा त्वचेतून रक्तात जातो, किडनीतून प्रथिनं लघवीवाटे गळायला लागतात. अशी डबी वापरली असेल आणि सकाळी पापण्या सुजत असतील, पायावर सूज असेल, लघवीला फेस येत असेल तर लघवीची साधी तपासणी लगेच करून घ्या.

तिसरा ढीग स्वयंपाकघरातला. बेसन आणि दही यांचं मला वाकडं नाही, धुऊन टाकलं की गेलं. पण लिंबाचा रस लावून उन्हात गेलं तर काळे डाग पडतात, खायचा सोडा त्वचेचा आम्लपणा मोडतो, टूथपेस्टने पिंपलच्या जागी चट्टा उठतो. आणि बिब्बा! चाई पडली, पायाला कुरूप झालं, चिखल्या झाल्या, की गावाकडे अजून बिब्ब्याचं तेल घासतात. त्याने त्वचा भाजून फोड येतात आणि मागे राहणारा काळा डाग मूळ दुखण्यापेक्षा जास्त दिवस टिकतो.

याच झडतीत टिकलीची पाकिटं आणि केसांचा रंगही पाहा. टिकलीच्या गोंदातल्या एका रसायनाने काहींच्या कपाळावर नेमका टिकलीएवढा पांढरा डाग पडतो. कुंकवाच्या रंगाने खाज सुटून काळपटपणा येतो. डाग दिसला की ब्रँड बदलून पाहत बसू नका, टिकली बंद करा. केसांच्या काळ्या रंगात आणि हाताला पाच मिनिटांत चढणाऱ्या ‘काळ्या मेंदी’त पीपीडी नावाचं रसायन असतं. एकदा त्याची ॲलर्जी झाली की ती आयुष्यभर राहते आणि पुढच्या वेळी डोळे मिटतील एवढा चेहरा सुजू शकतो. रंग लावण्याआधी थेंबभर कोपराच्या आतल्या बाजूला लावून 48 तास थांबा. दर वेळी थांबा, मागच्या वेळी काही झालं नव्हतं म्हणून सोडून देऊ नका.

मग उरतं काय

निरोगी चेहऱ्याला तीन गोष्टी पुरतात: सौम्य फेसवॉश, मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन. सीरम, टोनर, एसेन्स यांवर खर्च करायचा तर हौसेने करा, गरज म्हणून नको.

तोंड दिवसातून दोनदा धुवावं. त्वचा कोरडी असेल तर सकाळी नुसतं पाणी चालतं. मॉइश्चरायझर अंग टिपल्यावर, त्वचा किंचित ओलसर असतानाच लावायचं, कारण ते असलेलं पाणी धरून ठेवतं. हिवाळ्यात हातापायांना साधी पेट्रोलियम जेली किंवा ग्लिसरीनचं लोशन महागड्या डबीइतकंच काम करतं. चेहरा तेलकट असेल तर जेलच्या स्वरूपातलं घ्या.

सनस्क्रीनबद्दल मात्र जरा थांबून बोलायला हवं, कारण घेतलेलं असतं पण लावलं जातं वाटाण्याएवढं. तर्जनी आणि मधल्या बोटावर बुडापासून टोकापर्यंत दोन रेघा काढा. चेहरा आणि मान मिळून एवढं लागतं. एसपीएफ 30 नीट लावलं तर भाजवणाऱ्या यूव्हीबी किरणांतले जवळपास 97 टक्के अडवतं, 50 जेमतेम 98. त्यामुळे आकड्याच्या मागे न लागता प्रमाण सांभाळा. पुड्यावर यूव्हीए या उन्हातल्या दुसऱ्या किरणांपासूनही संरक्षण असल्याचा उल्लेख हवा, कारण यूव्हीए खिडकीच्या काचेतून येतं. शेतावर, स्कूटरवर, बाजारात असाल तर दर दोन-तीन तासांनी पुन्हा लावावं लागतं. ते जमत नसेल तर स्कार्फ, रुंद काठाची टोपी, छत्री. निंदायला जाणाऱ्या बायका डोक्यावरून पदर किंवा टॉवेल घेऊन वर टोपी घालतात, ते कुठल्याही ट्यूबपेक्षा कमी नाही.

वांग

गाल, कपाळ, ओठाच्या वर तपकिरी ठिपके जुळून पट्टा झाला की वांग. गरोदरपण, गर्भनिरोधक गोळ्या, ऊन, घराण्यात असणं ही कारणं. गव्हाळ-सावळ्या त्वचेत नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडानेही वांग गडद होतात, म्हणून इथे साध्या सनस्क्रीनपेक्षा आयर्न ऑक्साइड असलेलं, फिकट तपकिरी रंगाचं सनस्क्रीन घ्यावं. चुलीसमोर किंवा गॅससमोर तासन्‌तास उभं राहिल्याच्या उष्णतेनेही ते वाढू शकतात.

औषधांत ॲझेलाइक ॲसिड सौम्य आहे आणि डॉक्टरांना विचारून गरोदरपणातही वापरता येतं. हायड्रोक्विनोन काही महिन्यांपुरतंच, कारण वर्षानुवर्षं लावलं तर निळसर काळे, न जाणारे डाग पडतात. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडच्या गोळ्या अलीकडे सर्रास घेतल्या जातात. पायात किंवा फुफ्फुसात रक्ताची गाठ झाल्याचा इतिहास असेल तर त्या चालत नाहीत आणि गर्भनिरोधक गोळ्यांबरोबर धोका वाढतो. म्हणजे मेडिकलमधून आपल्या मनाने घ्यायची ही गोळीच नव्हे. वांग फिके होतात, पण उन्हाळ्यात परत येतात. एकदाच्या उपचारात कायमचे घालवून देतो म्हणणाऱ्यापासून पाकीट सांभाळा.

पिंपल्स आणि काळी मान

विशी-पंचविशीत, जबड्याच्या कडेने, पाळीच्या आधी उठणारे पिंपल, हनुवटीवर राठ केस आणि पाळी दीड-दोन महिन्यांनी येणं हे एकत्र असेल तर पीसीओएस, म्हणजे संप्रेरकांच्या गडबडीने पाळी बिघडण्याचा आजार, आहे का ते तपासून घ्या. साध्या पिंपलला बेन्झॉइल पेरॉक्साइड 2.5 टक्के किंवा रात्री वाटाण्याएवढं अडापालीन पूर्ण चेहऱ्याला, एका दाण्याला नाही. आठ ते बारा आठवडे जातात, पहिल्या महिन्यात सोलपटं निघतात. गरोदर असाल किंवा तसा विचार असेल तर अडापालीन, ट्रेटिनॉइन टाळा. आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असताना आणि नंतर महिनाभर गर्भ राहता कामा नये, बाळात गंभीर व्यंग होतं. लग्न ठरलेल्या मुलींच्या आयांनी हे कानामागे टाकू नये.

मानेवर, काखेत मखमली काळा जाड पट्टा येतो तो मळ नव्हे. घासणीने घासून तो जाणार नाही, उलट वाढेल. तो शरीरात इन्शुलिन वाढल्याची खूण असते, म्हणून साखर तपासा, वजन उतरवा. नायलॉनच्या घासणीने रोज रगडून दंडावर आणि पाठीवर तपकिरी लहरीदार काळपटपणा येतो तो वेगळा. तिथे उपाय एकच, घासणी फेकून द्या. हाताने साबण पुरे.

गजकर्ण

मांडीच्या सांध्यात, कमरेला परकराच्या नाडीखाली, स्तनांखाली गोल कडेचा खाजरा चट्टा. गेल्या दहा-बारा वर्षांत हे गजकर्ण भारतभर इतकं चिवट झालंय की एकेकाळी दोन आठवड्यांत बरा होणारा आजार आता महिनोन्‌महिने चालतो. बुरशीने औषधांना दाद न देणं हे एक कारण, आणि दुसरं तेच, तीन-चार औषधं आणि स्टेरॉइड एकत्र असलेलं ‘खाजेचं मलम’. त्याने खाज तासाभरात थांबते, चट्ट्याची कड पुसट होते, बुरशी आत पसरत राहते.

करायचं असं. स्टेरॉइडचं मलम बंद. डॉक्टरांनी दिलेली बुरशीविरोधी गोळी सांगितले तितके आठवडे, खाज थांबल्यावरही. मलम चट्ट्यावर आणि त्याच्या कडेबाहेर दोन बोटं. घरात अजून कोणाला खाज असेल तर त्याचा उपचार त्याच दिवशी सुरू, नाहीतर नवऱ्याकडून तुमच्याकडे आणि तुमच्याकडून मुलाकडे अशी फेरी चालूच राहते. टॉवेल प्रत्येकाचा वेगळा. आतले कपडे गरम पाण्यात धुऊन उलटे करून उन्हात वाळवा. बायकांचे आतले कपडे साडीखाली लपवून दोरीच्या मागच्या तारेवर, सावलीत वाळत घालायची आपल्याकडची पद्धत या बुरशीच्या पथ्यावर पडते. पावसाळ्यात ऊन नसेल तर इस्त्री फिरवा. लेगिंग्ज आणि जीन्स बरं होईपर्यंत बाजूला.

हात आणि पाय

डाव्या हाताचा अंगठा, तर्जनी, मधलं बोट, या तिघांचीच टोकं कोरडी, चिरलेली, मीठ लागलं की झोंबणारी असतील तर लसूण आठवा. उजव्या हातात सुरी, पाकळी डाव्या बोटांत, म्हणून नेमकी तीच बोटं. लसणातलं रसायन बहुतेक रबरी मोज्यांतूनही आत जातं, त्यामुळे सोलायचं काम काही आठवडे दुसऱ्याला द्या किंवा सोललेला लसूण आणा. भांड्यांचा साबण आणि पावडर यांनी पूर्ण तळवा आणि बोटांची बेचकी फाटतात. तिथे आत सुती, वर रबरी असे दुहेरी हातमोजे घाला आणि हात ओला झाला की दर वेळी क्रीम लावा. नळाशेजारीच ट्यूब ठेवा.

टाचांच्या भेगांना रात्री दहा मिनिटं कोमट पाण्यात पाय, मग 10 ते 20 टक्के युरियाचं क्रीम, वर सुती मोजे. मधुमेह असेल तर पाणी किती गरम ते दुसऱ्याच्या हाताने पाहून घ्या आणि भेग ब्लेडने कापू नका. भातलावणीच्या दिवसांत चिखल्या होतात. घरी आल्यावर बोटांची बेचकी पुसून कोरडी करणं आणि बुरशीचं मलम लावणं हे रोजचं काम समजा. वास, पू किंवा लाली पोटरीकडे चढली तर दवाखाना.

केस गळतात, त्याचं गणित

डोक्यावर लाखभर केस असतात आणि रोज 50 ते 100 गळणं हा नेहमीचा व्यवहार. आठवड्यातून दोनदाच न्हाणाऱ्या बाईच्या हातात न्हाण्याच्या दिवशी गुंताच येतो, कारण मधल्या दिवसांचे सुटलेले केसही तेव्हाच निघतात. गळलेल्या केसाच्या टोकाला पांढरा ठिपका दिसला की ‘मुळासकट गेला’ म्हणून पोटात गोळा येतो. तो ठिपका मूळ नव्हे. मूळ टाळूतच राहतं आणि त्यातून नवा केस येतो, महिन्याला साधारण एक सेंटिमीटर या वेगाने.

अचानक मूठभर गळायला लागले तर कॅलेंडर दोन-तीन महिने मागे उलटा. डेंगी किंवा टायफॉइड, ऑपरेशन, बाळंतपण, घरातला मृत्यू, किंवा लग्नाआधी भात-पोळी सोडून केलेलं डाएट. केस त्या धक्क्यानंतर लगेच गळत नाहीत, अडीच-तीन महिन्यांनी गळतात. त्यामुळे बाई दोष देते ते गेल्या आठवड्यात बदललेल्या शाम्पूला किंवा नव्या घरच्या बोअरच्या पाण्याला. ही गळती बहुधा सहा महिन्यांत आपोआप थांबते.

थांबली नाही तर रक्त तपासा: हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि थायरॉइडसाठी टीएसएच. हिमोग्लोबिन ठीक असूनही फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तळाला गेलेला असू शकतो. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय आढळला होता, तेव्हा तेल बदलण्याआधी ताट बदला. उसळ, वरण, शेंगदाणे, अंडी, चालत असेल तर मासे. लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्या, चहा तिच्या आधी-नंतर तासभर तरी नको. पाळीत अंगावरून खूप जात असेल तर आधी स्त्रीरोगतज्ज्ञ, नाहीतर गोळ्या घेत राहाल आणि साठा भरणार नाही.

‘हेअर, स्किन, नेल’ लिहिलेल्या गोळ्यांबद्दल माझं मत वाईट आहे. बायोटिनची कमतरता क्वचित असते, आणि जास्त मात्रेतलं बायोटिन थायरॉइडच्या रिपोर्टमध्ये गडबड करतं, म्हणून तपासणीआधी दोन-तीन दिवस ते बंद ठेवून लॅबला सांगा. जीवनसत्त्व अ आणि सेलेनियम जास्त झालं तर केस उलट गळतात. डिसेंबर 2024 च्या अखेरीला बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यातल्या गावांमध्ये लोकांना काही दिवसांत टक्कल पडलं. सुरुवातीला बोट पाण्याकडे आणि शाम्पूकडे दाखवलं गेलं. पुढे डॉ. हिंमतराव बावस्करांनी आपल्या तपासणीवरून गव्हातल्या जास्तीच्या सेलेनियमकडे लक्ष वेधलं. पौष्टिक म्हणून दोन-तीन कंपन्यांच्या गोळ्या एकदम घेणाऱ्यांनी त्यांतला सेलेनियमचा आकडा एकदा बेरीज करून पाहावा.

गळती फारशी नाही पण भांग वर्षागणिक रुंद होतोय, तर प्रकार वेगळा, आनुवंशिक. त्याला मिनॉक्सिडिल हे टाळूला लावायचं औषध लागतं, परिणाम दिसायला चार-सहा महिने, आणि पहिल्या महिन्यात गळती वाढते ती पाहून बहुतेक जणी सोडतात. सोडू नका. गरोदर असताना आणि दूध पाजताना मात्र वापरायचं नाही. कपाळाच्या आणि कानशिलाच्या कडेचेच केस विरळ होत असतील तर वेणी, अंबाडा किंवा पोनीटेल सैल बांधा. लवकर सैल केलं तर केस परततात, बरीच वर्षं ओढले तर नाही.

खोबरेल न्हाण्याआधी दोन तास लावलं तर केसातलं प्रथिन कमी धुतलं जातं, तेवढा त्याचा उपयोग. नवीन केस तेलाने उगवत नाहीत. डोक्यात कोंडा असेल तर रात्रभर तेल मुरवू नका, कोंड्याची बुरशी तेलावरच जगते. 2 टक्के केटोकोनॅझोलचा शाम्पू आठवड्यातून दोनदा, टाळूवर पाच मिनिटं ठेवून, चार आठवडे. लेकीच्या शाळेतून उवा आल्या तर परमेथ्रिन 1 टक्का दहा मिनिटं लावा, लिखांसाठी बारीक फणी, नऊ दिवसांनी पुन्हा, आणि घरातल्या सगळ्यांची डोकी त्याच दिवशी तपासा.

डॉक्टरांकडे जाताना

पाटीवर ‘त्वचारोग, गुप्तरोग व कुष्ठरोग’ वाचून अनेकजणी पायरी चढत नाहीत. तो त्या पदवीचा भागच आहे. एमडी, डीएनबी किंवा डीव्हीडी ही त्वचेतली पदवी आणि वैद्यकीय परिषदेचा नोंदणी क्रमांक पाहा. नुसत्या ‘एस्थेटिक’, ‘कॉस्मेटॉलॉजिस्ट’ अशा पाटीवर भागवू नका. खासगी परवडत नसेल तर सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात त्वचेची ओपीडी असते.

फिकट चट्टा असेल आणि तिथे शिवलेलं, गरम-गार कळत नसेल तर थांबू नका. कुष्ठरोगाचा उपचार प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत आहे आणि लवकर गोळ्या घेतल्या तर हातापायाला व्यंग येत नाही. एखादं नवीन औषध सुरू केल्यावर ताप, तोंडात फोड, डोळे लाल, आणि त्वचा दुखून सोलायला लागली तर ते औषध थांबवून त्याच रात्री मोठ्या रुग्णालयात जा.

जाताना मेकअप नको, नखांना पॉलिश नको, केस आदल्या दिवशी धुतलेले नकोत. वर्तमानपत्रावर मांडलेलं सगळं पिशवीत भरून न्या, पार्लरची डबीसुद्धा. चालू असलेल्या गोळ्यांची नावं, पाळीच्या तारखा, गरोदर असण्याची शक्यता, हे विचारायची वाट न पाहता सांगा. डागाचा आणि भांगाचा फोटो आज एका खिडकीजवळ काढून ठेवा, पुढचा महिन्याने त्याच खिडकीजवळ त्याच वेळी. रोज आरशात पाहून फरक कळत नाही, दोन फोटो शेजारी ठेवले की डॉक्टरांनाही औषध चालू ठेवायचं की बदलायचं ते ठरवता येतं.